पाटाकडील, दिलबहार आणि गाव बदलणारा संघ

कोल्हापुरातील फुटबॉल संघांची नावे एकदा ओळीने वाचून पाहावीत. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ, ऋणमुक्तेश्वर तालीम मंडळ, उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम, प्रॅक्टिस फुटबॉल क्लब. भाषेच्या अभ्यासकाला या यादीतच एका शहराचा बराचसा इतिहास हाती लागावा. ‘पाटाकडील’ हे नाव भूगोलाने दिलेले. पाणी वाहून नेणाऱ्या पाटाच्या कडेची ती तालीम. ‘दिलबहार’ हा सरळ फारसी समास, आणि तो रविवार पेठेतल्या कोणालाही परका वाटत नाही. खंडोबा आणि ऋणमुक्तेश्वर ही दैवते, संध्यामठ ही रंकाळ्याच्या पाण्यातली वास्तू. ‘प्रासादिक’ हे विशेषण एरवी भजनी मंडळाला लागते, येथे ते वाघाच्या तालमीला लागले आहे. आणि या सगळ्यांत ‘प्रॅक्टिस’ हा इंग्रजी शब्द असा मांडी घालून बसला आहे, की त्याचे मूळ विचारण्याची गरज कोणाला भासू नये. युरोपातल्या फुटबॉल संघांना गावांची नावे असतात. कोल्हापुरात एकाच गावाच्या पोटात इतकी गावे आहेत, की ‘कोल्हापूर’ या नावाने खेळायची वेळ स्थानिक मैदानावर येतच नाही.

आम्ही शिकवतो देवपुरात, म्हणजे धुळ्याच्या पांझरेपलीकडच्या भागात. येथून कोल्हापूर दूर आहे, आणि फुटबॉल त्याहून दूर. आमच्याकडे कुस्ती आहे, कबड्डी आहे आणि सर्वत्र असते तसे क्रिकेट आहे. तरीही हा विषय आम्ही लिहावयास घेतला, त्याचे कारण आमच्या वर्गांतच आहे. कला शाखेच्या प्रत्येक तुकडीत मागच्या बाकांवर चारदोन खेळाडू विद्यार्थी असतात. हजेरीपत्रकात त्यांच्या नावापुढे ‘स्पर्धेसाठी बाहेरगावी’ असा शेरा पडतो, स्नेहसंमेलनात त्यांना शाल-श्रीफळ मिळते आणि पदवीनंतर ते आमच्या नजरेआड होतात. गावाने डोक्यावर घेतलेल्या खेळाडूचे पुढे काय होते, हा प्रश्न महाराष्ट्रात सर्वांत ठळकपणे कोठे विचारता येत असेल तर तो कोल्हापुरात. कारण तेथे एका खेळावर एका शहराचे जितके प्रेम आहे, तितके आमच्या माहितीत दुसरीकडे नाही.

या प्रेमाची पूर्वपीठिका कुस्तीत आहे. राजर्षी शाहूंच्या कारकीर्दीत, म्हणजे १८९४ ते १९२२ या काळात, कोल्हापूर मल्लविद्येचे केंद्र झाले. खासबागेचे कुस्ती मैदान १९१२ साली पुरे झाले. परंतु तालीम म्हणजे केवळ हौदा आणि लाल माती नव्हे, हे ध्यानी घेतल्याशिवाय पुढचा फुटबॉल कळत नाही. कोल्हापूरची तालीम ही पेठेची बैठक. तेथे मोहरमात पंजे बसतात, भाद्रपदात गणपती बसतो, भांडणे लागतात आणि मिटतातही. पोराने तालमीत जाणे म्हणजे शरीर कमावणे हे खरेच, पण त्याहून अधिक म्हणजे ‘आपण कोणत्या पेठेचे’ हे शिकणे.

फुटबॉल हिंदुस्थानात आला तो पलटणींबरोबर. मुंबईत १८९१ पासून रोव्हर्स चषकाची स्पर्धा भरू लागली आणि तिच्या आरंभीच्या काळात गोऱ्या पलटणींचेच राज्य होते. पुढे १९११ साली कलकत्त्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २–१ असे हरवून आयएफए ढाल जिंकली. अकरांपैकी बहुतेक खेळाडू अनवाणी होते, हे वर्णन बंगालच्या राष्ट्रीय आख्यायिकेत कायमचे जाऊन बसले. कोल्हापूरच्या वाट्याला असा साहेब आला नाही. तेथे हा खेळ संस्थानी आश्रयाखाली वाढला. छत्रपती राजाराम महाराजांच्या प्रेरणेने १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे आजची ‘केएसए’, स्थापन झाली. त्याच वर्षी महाराजांचे निधन झाले. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, पण केएसए राहिली आणि राजघराण्याचा तिच्याशी असलेला संबंधही राहिला. कलकत्त्यात फुटबॉल खेळला गेला तो साहेबाला हरवण्यासाठी, कोल्हापुरात शेजारच्या पेठेला. आमच्या मते या फरकातच कोल्हापूरच्या फुटबॉलचे बळ आहे आणि मर्यादाही. साहेब १९४७ साली निघून गेला. शेजारची पेठ मात्र कधीच कोठे जात नाही.

येथे ‘ईर्षा’ या शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. प्रमाण मराठीत ईर्षा हा दोष, मत्सराचा सख्खा भाऊ. कोल्हापुरी बोलीत मात्र तो गुण आहे. ‘पोरगं ईर्षेनं खेळतंय’ म्हणजे ते जीव ओतून, हार न मानता खेळते आहे. शब्दाच्या या अर्थांतरात मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ यांच्या कित्येक पिढ्यांचा वाटा असावा. पाटाकडील आणि बालगोपाल मंगळवारातले, शिवाजी तरुण आणि खंडोबा शिवाजी पेठेतले. यांतल्या कोणत्याही दोघांची गाठ पडली, की राजर्षी शाहू स्टेडियमच्या पायऱ्या भरतात. तिकीट काढून भरतात, हेही सांगावयास हवे. विद्यापीठ स्तरावरचे सामने रिकाम्या मैदानावर होताना पाहिलेल्या आमच्यासारख्यांना ही गोष्ट जवळजवळ अविश्वसनीय वाटते.

स्थानिक वृत्तपत्रांत या सामन्यांची जी वार्तापत्रे येतात, ती आमच्या पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम वाचावीत. ‘आघाडीफळी’, ‘मध्यफळी’, ‘बचावफळी’, ‘खोलवर चढाया’, ‘गोलजाळी’, ‘पूर्वार्ध’ आणि ‘उत्तरार्ध’ अशी ही भाषा. तिच्यात किल्ला लढवण्याची ऐट आहे, आणि पूर्वार्ध-उत्तरार्ध म्हणताना ज्ञानेश्वरीच्या पोथीची सवयही. ‘टायब्रेकर’ आणि ‘सडनडेथ’ हे शब्द तसेच ठेवले जातात, त्यांना प्रतिशब्द घडवण्याचा खटाटोप कोणी करीत नाही. आणि ते योग्यच आहे. प्रेक्षकाला येथे ‘रसिक’ म्हणत नाहीत. तो ‘शौकीन’ असतो. संगीत नाटकाचा रसिक, कुस्तीचा आणि फुटबॉलचा शौकीन. रसिक दाद देऊन घरी जातो. शौकीन हरल्यावर आठवडाभर चौकात तोंड दाखवीत नाही.

आता खेळाडूंकडे वळू. पेठेतला मुलगा दहाबारा वर्षांचा असल्यापासून तालमीच्या लहान संघात खेळतो. चांगला निघाला तर वरिष्ठ संघात येतो. केएसएच्या लीगमध्ये वरिष्ठ गटाचे १६ संघ. पावसाळा सरल्यानंतर, थंडीच्या सुमारास हंगाम सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. लीग संपली की चषक. महापौर चषक, सतेज चषक, अटल चषक, चंद्रकांत चषक अशी या स्पर्धांची नावे वाचली, तरी संस्थानिक गेल्यानंतर आश्रयदाते कोण झाले ते समजते. याविषयी नाक मुरडण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. खेळाला पैसा कोणीतरी द्यावाच लागतो, आणि कोल्हापूरने फार वेगळ्या प्रकारचे दातृत्वही पाहिले आहे. १९५२ साली खाशाबा जाधवांना हेलसिंकीस जाण्यासाठी पैसे कमी पडत होते, तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेल्या खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले; स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. प्राध्यापकी पेशातल्या आम्हां मंडळींना ही हकिकत सांगताना अभिमान वाटतो, आणि आपण तसे केले असते का असे कोणी विचारल्यास विषय बदलावासा वाटतो.

पाटाकडील किंवा दिलबहारच्या नावाजलेल्या आघाडीवीराला विशीत जी कीर्ती मिळते ती दुर्मीळ म्हणावी अशीच. चौकाचौकांत फलक लागतात, चहाचे पैसे कोणी घेत नाही. परंतु ही कीर्ती पंचगंगेचा पूल ओलांडीत नाही. पेठेच्या लीगमध्ये किती गोल केले याला नोकरीच्या अर्जात किंमत नसते. खेळाडूंसाठी शासकीय सेवेत पाच टक्के आरक्षण आहे खरे. पण त्यासाठी राज्य, राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय पातळीवरच्या मान्यताप्राप्त स्पर्धांतली कामगिरी लागते. म्हणजे ज्या मैदानावर हजारो लोक नाव घेऊन ओरडतात, त्या मैदानावरचे काहीच कागदावर उतरत नाही. आणि ज्या सामन्याला शंभर माणसे नसतात, त्याच्या प्रमाणपत्रावर नोकरी लागते. तिशीनंतर पाय मंदावले की बहुतेकांना वडिलोपार्जित दुकान, एखादा कारखाना, रिक्षा किंवा सहकारी संस्थेतली चाकरी यांकडेच वळावे लागते.

मग वर जाणारी वाट कोणती? ती पेठेतून जात नाही, हेच या इतिहासातले मर्म. अनिकेत जाधव हे उदाहरण घ्यावे. २००० साली जन्मलेला हा कोल्हापूरचा मुलगा, वडील रिक्षाचालक. लहानपणीच तो शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत पुण्यास गेला, तेथून पुणे एफसीच्या अकादमीत. २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला. फिफाच्या कोणत्याही विश्वचषकात भारताचा पुरुष संघ प्रथमच उतरत होता. ६ ऑक्टोबरला दिल्लीच्या नेहरू स्टेडियमवर अमेरिकेविरुद्ध खेळलेल्या पहिल्या अकरांत अनिकेत होता. भारत तिन्ही सामने हरला: अमेरिकेशी ०–३, कोलंबियाशी १–२, घानाशी ०–४. पण कोल्हापुरात त्या महिन्यात पराभवाची भाषा कोणी केली असेल असे वाटत नाही. पुढे अनिकेत इंडियन ॲरोजकडून खेळला, इंग्लंडमध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे काही काळ सरावास गेला (या क्लबची मालकी २०१० पासून पुण्याच्या वेंकीजकडे, हाही एक योगच), २०१९ साली जमशेदपूर आणि २०२१ साली हैदराबाद संघात आला. मार्च २०२२ मध्ये हैदराबादने इंडियन सुपर लीग जिंकली. त्याच्या आधीच्या पिढीतला निखिल कदम हाही कोल्हापूरचाच. तोही पुणे एफसीच्या अकादमीतून पुढे आला आणि २०१७–१८ च्या हंगामात मोहन बागानच्या ऐतिहासिक जर्सीत दिसला.

दोघांच्याही प्रवासात पुणे एफसीचे नाव येते. तो क्लब आज नाही. २००७ साली निघाला, २०१५ नंतर व्यावसायिक मैदानातून नाहीसा झाला. महाराष्ट्रातल्या व्यावसायिक फुटबॉलचा गेल्या काही वर्षांचा इतिहास म्हणजे अशा मृत्युलेखांची मालिकाच आहे. राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्रा युनायटेड २०१० साली बंद झाला. मुंबई एफसी २०१७ साली आय-लीगमधून खाली घसरला आणि संपला. त्याच वर्षी पुण्याच्या डीएसके शिवाजियन्सनेही गाशा गुंडाळला. सर्वांत बोलकी कथा एफसी पुणे सिटीची. २०१४ साली सुपर लीगबरोबर हा संघ जन्मला; २०१९ साली तो बंद पडला आणि त्याची जागा घेऊन हैदराबाद एफसी उभा राहिला, ज्यात पुढे अनिकेत खेळला. २०२५ साली त्या हैदराबादचेही बस्तान उठले आणि संघ नव्या नावाने दिल्लीस गेला. अकरा वर्षांत पुणे, हैदराबाद, दिल्ली. जर्सी बदलली, नाव बदलले, गाव बदलले; मग त्या संघाच्या समर्थकाने नेमके कशावर प्रेम करायचे?

पाटाकडील तालमीबाबत हा प्रश्न संभवत नाही. ती पाट सोडून कोठे जाईल? व्यावसायिक क्लब मालकाच्या ताळेबंदावर जगतो. एखादे वर्ष तोट्यात गेले की तो विकला जातो. तालमीला ताळेबंद नाही, वर्गणी आहे. तिच्यात पैसे बुडवणारा कोणी नसल्यामुळे ती बुडत नाही. पण याच कारणाने ती वरही चढत नाही. तिच्या खेळाडूस अधिक चांगले मैदान हवे असेल तर तिला सोडूनच त्याला जावे लागते.

तुलनेसाठी थोडे दूर जाऊ. ईशान्य बल्गेरियात राझग्राद नावाचे एक गाव आहे. लोकवस्ती जेमतेम तीस हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. तेथील लुदोगोरेत्स हा संघ २०१० साली दुसऱ्या श्रेणीत खेळत होता. त्या वर्षी किरिल दोमुस्चिएव या औषध-उद्योजकाने तो घेतला. २०११ साली संघ पहिल्या श्रेणीत आला, २०१२ साली देशाचा विजेता झाला आणि २०२५ पर्यंत सलग १४ वेळा विजेताच राहिला. २०१४ साली तो चॅम्पियन्स लीगच्या मुख्य फेरीत रेआल माद्रिद आणि लिव्हरपूल यांच्याशी खेळला. तेथे पोहोचताना त्याने बुखारेस्टच्या स्टेआवाला ज्या रीतीने हरवले, ती कथा एखाद्या कादंबरीकाराने लिहिली असती तर आम्ही समीक्षकांनी तिला अतिरंजित म्हटले असते. शेवटच्या क्षणी गोलरक्षकाला लाल कार्ड मिळाले, बदली खेळाडू संपले होते, म्हणून कॉस्मिन मोत्सी हा बचावपटू हातमोजे चढवून गोलात उभा राहिला. पेनल्टींमध्ये त्याने स्वतः एक गोल केला आणि दोन अडवले. आणि हा मोत्सी स्वतः रुमानियाचा.

राझग्रादला हे साधले त्यास पैसा कारणीभूत आहेच, पण त्याआधी शिडी होती. दुसऱ्या श्रेणीतला संघ जिंकला की पहिल्या श्रेणीत जातो, हा तेथला साधा नियम. भारतात सुपर लीगचा दरवाजा आरंभापासून बंद होता. खालून वर येण्याची सोय प्रथम २०२३ साली पंजाबच्या संघाला मिळाली. कोल्हापूरच्या विजेत्याला तर त्या दरवाज्यापर्यंत जाणारी पायवाटही दिसत नाही. खिसा भरलेला मालक लाभलाच तरी तो पेठेचा संघ पेठेचा ठेवील काय, ही शंका निराळीच. राझग्रादच्या संघात ब्राझीलपासून अनेक देशांचे खेळाडू असतात. गावातल्या मुलांना वाट मिळाली ती बहुधा प्रेक्षागाराची.

कोल्हापुरातही याची चाहूल लागलेली आहेच. गेल्या दीडेक दशकात चषक जिंकण्याच्या ईर्षेपायी तालमींनी नायजेरिया आदी आफ्रिकी देशांतले खेळाडू आणले. त्यांच्यामुळे खेळाचा वेग वाढला हे मान्य करावे लागेल, आणि पेठांनी त्यांना ज्या आपुलकीने ‘आपला’ केला तेही पाहण्यासारखे आहे. परंतु संघात जागा अकराच. बाहेरचे दोन आले की पेठेतले दोन बाहेर बसतात. ज्या तालमीचे अस्तित्वच ‘आपल्या पोरांसाठी’ आहे, तिने हे किती काळ करावे, याची चर्चा तेथे झडत असते. दुसरा कलंक हुल्लडबाजीचा. समर्थकांची दगडफेक, मैदानावर धावून जाणे, थांबलेले सामने आणि पोलीस बंदोबस्त यांच्या बातम्या हंगामागून हंगाम येत राहतात. काही मंडळी यालाही ‘रांगडेपणा’ म्हणून शाबासकी देतात. आम्हांस ते पटत नाही. अशा प्रकरणात गुन्हा दाखल झालेला मुलगा पोलीस भरतीच्या चारित्र्य पडताळणीत अडकतो. आणि पेठेतल्या खेळाडूला नोकरीची जी एक आशा असते, ती बहुधा भरतीचीच असते.

राहिला प्रश्न या इतिहासाच्या साधनांचा. राजवाड्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे धुळ्यात काढली आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही या गावात आहे. त्यामुळे दप्तरे आणि रुमाल घराघरांतून शोधावे लागतात, हा संस्कार येथल्या मराठीच्या अभ्यासकांवर असतो. दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड १९३६ ते १९४९ या काळात बडोद्याहून सिद्ध केले, पण तो काळ कोल्हापुरी फुटबॉलच्या बाल्यावस्थेचा. नंतरचा ऐवज आहे तो तालमींच्या भिंतींवरच्या चौकटींत. विजेत्या संघाचे कृष्णधवल छायाचित्र, मागे उभे सहा, पुढे बसलेले पाच, मध्ये चषक, खाली पांढऱ्या शाईने लिहिलेली नावे आणि साल. त्या नावांतले कोण पुढे पोलिसात लागले, कोण मुंबईच्या गिरणीत गेले, कोण आजही शाहू स्टेडियमच्या ठरलेल्या पायरीवर येऊन बसतात, हे सांगू शकणारी माणसे आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात मराठी विषयाचे जे विद्यार्थी लघुप्रबंधासाठी विषय शोधत असतील, त्यांनी या उन्हाळ्यात एखाद्या तालमीत वही घेऊन जावे. सामना नसेल त्या दिवशी जावे. सामन्याच्या दिवशी तेथे कोणाला बोलायला सवड नसते.